आडवं पाऊल

बोईसरचं पोर 'आई' म्हणायच्या आधी भोंगे ओळखायला शिकतं, असं बोईसरवालेच सांगतात, आणि स्वतःच्या गावाबद्दल बोलताना माणूस थोडं तिखटमीठ लावतोच. पण त्यात फारसं खोटं नाही. पाळी बदलल्याचा भोंगा तुटक असतो. त्याला कुणी मानसुद्धा वर करत नाही. बायका त्यावर कुकर उतरवतात आणि पोरांना शाळेला हाकलतात. दुसरा भोंगा रसायनांच्या कंपनीतून विषारी वायू गळल्याचा, तो एका दमात वाजतो, लांबच लांब, थांबायचं नाव घेत नाही. तो वाजला की हातातलं टाकायचं आणि वर बघायचं. कंपन्यांच्या छपरांवर खांबाला नारिंगी-पांढऱ्या कापडी पिशव्या बांधलेल्या असतात, त्या कुठल्या बाजूला फुगल्यात ते बघायचं, आणि मग वाऱ्याला आडवं पळायचं. वाऱ्याबरोबर पळायचं नाही, कारण वायू तुमच्यापेक्षा जोरात पळतो. वाऱ्याच्या तोंडावर जायचं नाही, कारण तो तिथूनच येतोय. आडवंच पळायचं.

हा नियम कंपनीत रुजू होतानाच सगळ्यांना सांगतात. सगळे माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. दिनानाथ विसरला नाही. तो मूळचा किनाऱ्यावरच्या नवापूरचा, बापाची होडी होती, आणि होडीवर वाढलेल्या माणसाला वारा विसरून चालत नाही.

शैलेश सात वर्षांचा असताना तो नियम कामी आला. तेव्हा ते कंपन्यांच्या मागच्या चाळीत राहायचे: दिनानाथ, बायको दमयंती, शैलेश आणि अंगावर पिणारी किंजल. एका संध्याकाळी दुसरा भोंगा वाजला. चाळीसमोरचा रस्ता सरळ होता, डांबरी होता, मोकळा होता, म्हणून सगळी चाळ रस्त्याने पळाली. दिनानाथने पिशवी बघितली. ती रस्त्याच्याच दिशेला फुगली होती. त्याने शैलेशचं मनगट धरलं, दमयंतीला पुढे घातलं आणि रस्ता सोडून नाल्यात उतरला. पलीकडे काटेरी कुंपण, मग कापलेल्या भाताचे खुंट, आणि पायात कुणाच्या काही नाही. शैलेश रडत विचारत होता की सगळे तिकडे चाललेत, मग आपण इकडे का. शेजारच्या खोलीतला पुंजाराम दिनानाथच्याच पाळीत कामाला होता. तो दाराला कुलूप लावायला थांबला आणि मग रस्त्याने पळाला. वळणावर सापडला तेव्हा किल्ली त्याच्या मुठीतच होती.

त्यानंतर दिनानाथला एकच वेड लागलं. सुट्टीच्या दिवशी तो शैलेशला वसाहतीच्या मैदानावर न्यायचा आणि चिमूटभर माती हवेत सोडायचा. वारा कळला की तोंडाने भोंगा वाजवायचा, दम संपेपर्यंत. पोराने आडवं पळायचं. चुकला तर पुन्हा. बरोबर पळाला तर बर्फाचा गोळा. बघणारे हसायचे, पण पोराला खेळच वाटायचा. काही दिवसांनी मातीची गरज उरली नाही. भोंगा कानावर पडला की शैलेशचा डावा पाय आपसूक बाहेर पडायचा, डोक्याला कळायच्या आधी. दिनानाथला त्या पावलाचा फार अभिमान होता. आपण पोराला काही इस्टेट देऊ शकत नाही, पण एवढं दिलं, असं तो मनाशी म्हणायचा.

त्याच मैदानावर शाळेच्या पीटीच्या सरांनी शैलेशच्या हातात हॉकी स्टिक दिली. पुढे पुण्याचं क्रीडा वसतिगृह, मग ज्युनियर संघ, आणि आता चोविसाव्या वर्षी भारताचा संघ. तोवर हॉकी आणि विटीदांडू यांत फरक न करणारे शेजारीपाजारी एकदम जाणकार झाले. पालघरच्या स्टेशनाबाहेर त्याचा फोटो असलेला फलक लागला. त्यात आमदारांचा चेहरा मोठा आणि शैलेशचा पोस्टाच्या तिकिटाएवढा होता, पण होता.

संघात त्याचं काम मात्र असं होतं की ऐकून आईच्या पोटात गोळा यावा. समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला की गोलाच्या रेषेमागे गोलकीपर धरून पाचच जण राहतात. समोरचा एक जण चेंडू बाहेर ढकलतो, दुसरा अडवतो, आणि तिसरा तो स्टिकवर घेऊन गोफणीसारखा गोलावर फेकतो. त्या तिसऱ्याच्या अंगावर पहिल्यांदा धावून जाणारा जो असतो, तो पहिला रनर. तोंडाला मास्क, हातात जाड मोजे, गुडघ्याला पॅड, बाकी देवाची कृपा. त्याने चेंडूच्या वाटेतच पळायचं असतं, म्हणजे गोलाची तेवढी बाजू झाकली जाते आणि बाकीची गोलकीपर सांभाळतो. शैलेश पहिला रनर होता. धावायला वारा प्यायलेला, आणि भीती त्याला ठाऊक नाही, असं वर्तमानपत्रात छापून आलं होतं.

गेल्या हिवाळ्यात चार देशांची एक स्पर्धा होती. जिंकून ऑलिम्पिकचं तिकीट मिळणार नव्हतं, त्यामुळे बोईसरातही फारसं कुणी बघत नव्हतं. दिनानाथ बघत होता. दुसरं सत्र संपायला दोन सेकंद असताना समोरच्यांना कॉर्नर मिळाला. कॉर्नर दिला की घड्याळ थांबवतात आणि चेंडू ढकलला की पुन्हा सुरू करतात. म्हणून शैलेश रेषेवरून सुटला आणि निम्म्या वाटेत असतानाच सत्र संपल्याचा भोंगा वाजला. लांब, एका दमात. कॉर्नर पुरा होईपर्यंत खेळ चालूच राहतो, हे सगळ्या खेळाडूंना माहीत असतं. शैलेशलाही होतं. पण त्याचा डावा पाय बाहेर पडला.

एकच पाऊल. त्या पावलाने जी फट पडली तिच्यातून चेंडू गेला आणि गोलाच्या खांबापाशी उभ्या असलेल्या आपल्याच संघातल्या ओडिशाच्या पोराच्या जबड्यावर बसला. त्याला स्ट्रेचरवरून नेलं. समालोचक म्हणाला, रनरचा पाय घसरलेला दिसतोय. प्रशिक्षकही तसंच म्हणाले. घसरलेला पाय कसा असतो आणि शिकवलेला कसा, हे सगळ्या जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो बोईसरात जेवणाच्या ताटावर हात धरून बसला होता.

"काय झालं?" दमयंतीने विचारलं.

"काय नाय," दिनानाथ म्हणाला. "पोराचा पाय घसरला."

त्या दिवसापासून दिनानाथला भीतीने धरलं ते सोडलंच नाही. कंपनीतला तुटक भोंगासुद्धा त्याला दचकवू लागला. तो कुणाला सांगू शकत नव्हता. सांगितलं आणि संघाच्या कानावर गेलं, तर पोराला घरी बसवतील. नाही सांगितलं, तर पुन्हा कधीतरी तो भोंगा नेमका त्याच वेळी वाजेल, पोराचा पाय पुन्हा बाहेर पडेल, आणि कुणाचा तरी जबडा नाही तर डोळा जाईल. आणि याहून मोठी भीती तिसरीच होती, ती तर तो स्वतःशीसुद्धा बोलत नव्हता. पोराने पाय बाहेर टाकला नसता, तर तो चेंडू पोरालाच लागला असता.

ऑलिम्पिकला जायची दारं मोजकी असतात, हे एव्हाना किंजलने घरात सगळ्यांना पाठ करून घेतलं होतं. ती पालघरच्या कॉलेजात जात होती आणि भावाच्या हॉकीवर तिचा अधिकार घरात शेवटचा मानला जाई. यजमान देशाला ते घरबसल्या उघडं. मग प्रत्येक खंडाचा विजेता. आपल्यासाठी ते दार म्हणजे आशियाई खेळांचं सुवर्ण. ते हुकलं. आता उरली पात्रता स्पर्धा. दार चुकलेले आठ संघ मस्कतला जमणार होते आणि तिकिटं होती तीन.

"म्हंजे फायनलला जे दोघं जातील ते निवांत," किंजलने समजावलं. "खरी मारामारी तिसऱ्या नंबराची. ती मॅच जिंकली तर ऑलिम्पिक, हरली तर चार वर्षं घरी."

"तिसऱ्या नंबराला एवढा भाव मी कुठं बघितला नाय," दमयंती म्हणाली.

मस्कतला जायच्या आधी शैलेश दोन दिवस घरी आला. दमयंतीने बोंबील तळले, शेजाऱ्यांनी फोटो काढून घेतले, चार जणांनी फुकटचे सल्ले दिले. शैलेश हसत होता, पण त्याचा घास तोंडात फिरत होता. दिनानाथ त्याच्याकडे बघत होता आणि तो दिनानाथकडे बघायचं टाळत होता. बाप-लेक एकमेकांना चुकवत एकाच खोलीत राहिले, आणि घर लहान असताना हे सोपं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिनानाथ म्हणाला, "चल, मैदानावर जाऊन येऊ." त्याने दिवस मुद्दाम निवडला होता. त्या सकाळी धोक्याच्या भोंग्याची चाचणी असते, महिन्यातून एकदा, आणि सगळ्या गावाला ती ठाऊक असते, म्हणून कुणी पळत नाही. शैलेशला मात्र इतकी वर्षं बाहेर राहून ती आठवत नव्हती.

मैदानात गवत वाढलं होतं. एका कोपऱ्यात गाढवं चरत होती. दोघं मधोमध उभे राहून शाळेच्या सरांबद्दल काहीतरी बोलत होते. आणि भोंगा वाजला.

शैलेशचा डावा पाय बाहेर पडला. एकच पाऊल. मग तो थांबला, कारण बाप हलला नव्हता. भोंगा संपेपर्यंत दोघं त्या पावलाकडे बघत राहिले.

"तुमाला कळलं होतं," शैलेश म्हणाला.

"त्याच दिवशी."

"मी कुणाला सांगितलं नाय, बाबा. पाय घसरला म्हणालो." तो खाली बसला. "रोज सराव करतो. कानात कापूस घालून बघितला, मोठ्याने आकडे म्हणून बघितले. सरावात भोंगा नसतो तेवा सरळ जातो. पण मॅचमधी घड्याळात चार-पाच सेकंदं रायली का अंगाला घाम फुटतो. आता वाजंल, आता वाजंल. चेंडूची भीती नाय वाटत मला. त्या भोंग्याची वाटते."

दिनानाथच्या तोंडावर आलं होतं, की मग जाऊच नको. आजारी हाय म्हणून सांग. आडवाच पळ, आयुष्यभर आडवा पळ, पण दोन्ही पायांवर घरी ये. बापाला असंच वाटतं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण पोराने त्याच्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्या नजरेला हे उत्तर पुरलं नसतं. नाल्यातून ओढत नेताना तो असाच वर बघत होता.

"मी तुला अर्धंच शिकवलंय," दिनानाथ त्याच्या शेजारी बसत म्हणाला.

"म्हंजे?"

दिनानाथने आधी इकडे तिकडे बघितलं, जणू गाढवं जाऊन दमयंतीला सांगतील. "भोंगा वाजला का सगळी कंपनी आडवी पळते. बरोबर हाय. पण गळती आपोआप बंद होत नाय. सगळी बाहेर येतात तेवा मास्क लावून दोघांना सरळ आत जावं लागतं, व्हॉल्व्ह बंद करायला. पुंजाराम गेला त्या साली मी त्या टोळीत नाव दिलं. अजून हाय."

शैलेशने मान वर केली.

"तुझ्या आयेला ठाऊक नाय. तिला कळलं असतं तर तिनं रोज डबा देताना रडून घेतलं असतं. गेलोय मी आत, चार-पाच वेळा. पयल्यांदा गेलो तेवा माझा पण पाय बाहेरच पडला. आपलाच नियम, आपल्याच पायाला."

"मग?"

"मग काय. मागं बघितलं. चहाच्या टपरीवरचा माणूस, गेटवरचा वॉचमन, सगळी पळत होती. मी नाय गेलो तर ती पळून पळून किती पळणार?" दिनानाथने ओठांवरून हात फिरवला. त्याला बोलायची सवय नव्हती, त्यातून असलं तर नाहीच. "ज्याच्या तोंडाला मास्क नाय त्याने आडवं पळायचं. ज्याला मास्क दिलाय त्यानं सरळ जायचं. तुला मास्क दिलाय. मागं खांबापाशी जो उभा हाय, त्याला हलता येत नाय."

एवढं बोलून तो उठला आणि कपडे झटकू लागला. पोराच्या तोंडाकडे बघायची त्याची छाती झाली नाही. सगळ्या जन्मात पोराला दिलेली एकच गोष्ट त्याने आत्ता परत मागितली होती. उद्या त्या पोराला काही झालं, तर ते वाऱ्याने केलं नसणार, बापाच्या जिभेने केलं असणार.

दोघं घरी आले. दमयंतीने विचारलं, इतका वेळ कुठे होतात. शैलेश म्हणाला, "बाबा शाळेतल्या गोष्टी सांगत होते." तिने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि पोळ्या लाटायला गेली.

ती फारसं काही विचारत नसे. कधी दिनानाथ कामावरून उशिरा, ओढलेल्या तोंडाने घरी आला, तर गरम पाण्याची बादली आणि खोबरेल तेलाची वाटी त्याच्यापुढे ठेवायची आणि आत निघून जायची. दिनानाथला वाटायचं, बरं आहे, बाई भोळी आहे.

मस्कतहून रोज फोन येत होता. गटातले दोन सामने जिंकले, एक हरला. सेमीफायनल हरली. या सगळ्यात कॉर्नरच्या मध्येच भोंगा वाजेल असा प्रसंग एकदाही आला नाही, आणि दिनानाथला त्याचंच भय वाटत होतं. न आलेली गोष्ट शेवटासाठी राखून ठेवलेली असते, असं त्याला उगाच वाटायला लागलं होतं. शेवटी तेच झालं. तिसऱ्या नंबराची मॅच. समोर मलेशिया. जिंकला तो ऑलिम्पिकला.

मॅच दुपारची होती. दिनानाथच्या घरात माणूस मावत नव्हता. खिडकीबाहेर बिहारकडची कामगार पोरं उभी होती, ती "भैया का नंबर कौन सा है" म्हणून विचारत होती. दमयंती देवासमोर दिवा लावून टीव्हीपाशी खाली बसली. दिनानाथ दारालगतच्या खुर्चीवर. त्याच्या हातात चहाचा कप होता, तो पहिल्या सत्रातच गार झाला आणि शेवटपर्यंत तसाच राहिला.

"आता नियम ऐका," किंजल म्हणाली. "कॉर्नरला रनर जवळ गेला आणि चेंडू गुडघ्याच्या खाली लागला, तर त्यांना पुन्हा कॉर्नर. वर लागला, तर फटका धोक्याचा धरतात, फ्री हिट आपल्याला."

"म्हंजे वर लागला तर चांगलं?" दमयंतीने विचारलं.

"हो, आई."

"असला कसला खेळ," दमयंती म्हणाली, "जिथं पोराला वर लागलं तर चांगलं." सगळे हसले. ती हसली नाही.

भारताने दोन गोल केले, मलेशियाने एक फेडला. शेवटच्या सत्रात मलेशियाची पोरं अंगावर येऊ लागली. घड्याळ उतरत होतं आणि घरातली माणसं एकेक करून गप्प होत होती. दिनानाथ सामना बघतच नव्हता. तो कोपऱ्यातले आकडे बघत होता. तीस सेकंद. वीस. आता संपेल, देवा, असंच संपू दे, मधल्या मैदानात, कुणाच्याही अंगावर काही न येता.

आणि दोन सेकंद उरली असताना पंचांचे दोन्ही हात गोलाकडे गेले. पेनल्टी कॉर्नर.

घड्याळ थांबलं. पडद्यावर शैलेश मास्क चढवताना दिसला. मास्कचा पट्टा त्याने दोनदा ओढून बघितला. मग मागे वळून खांबापाशी उभ्या असलेल्याकडे एक नजर टाकली. ओडिशाचाच पोरगा होता तो, जबडा सांधून परत आलेला. दिनानाथला एकदम कळलं की आपण मैदानावर जे बोललो ते सगळं खोटं होतं. आत जाताना आपण भिलो होतो ते आपल्यासाठी. ते सोपं होतं. हे सोपं नव्हतं.

चेंडू ढकलला गेला. शैलेश सुटला. आणि भोंगा वाजला.

लांब, एका दमात, टीव्हीच्या डबड्यातून, पण तोच.

पुढचं दिनानाथने बघितलं नाही. त्याला कळलं तेव्हा तो घराबाहेर होता. खुर्चीतून कधी उठला, दारातून कधी निघाला, खिडकीपाशी उभ्या पोरांच्या मधून कसा गेला, काही आठवत नव्हतं. गार चहाचा कप हातात होता आणि अर्धा चहा सदऱ्यावर. रस्ता सोडून तो शेजारच्या मोकळ्या जागेतल्या सिमेंटच्या पाइपांपर्यंत आला होता. त्याने वर बघितलं. समोरच्या छपरावरची पिशवी पूर्वेला फुगली होती, समुद्रावरचा वारा. तो बरोबर आडवा आला होता.

मागे घरातून आवाज यायला हवा होता. ओरडा, टाळ्या, शिव्या, काहीही. काहीच येत नव्हतं. इतकी माणसं एका खोलीत आणि एकाचाही श्वास ऐकू येत नाही, तेव्हा काय झालेलं असतं हे दिनानाथला माहीत होतं. पुंजारामच्या खोलीसमोर चाळ जमली होती तेव्हाही असंच होतं. त्याचे पाय हलेनात. सरळही नाहीत आणि आडवेही नाहीत.

दमयंती दारात आली. तिने त्याला शोधलं, पदराने तोंड पुसलं आणि त्याच्यापर्यंत चालत आली.

"सरळ गेला," ती म्हणाली.

दिनानाथने कप दोन्ही हातांनी धरला.

"बरगडीत लागलंय. पडलाय. पंचानं फ्री हिट आपल्याला दिली, मॅच संपली. किंजल म्हणते जिंकलो. पण पोरगा उठंपर्यंत कुणी ओरडायचं नाय, असं मी सांगितलंय सगळ्यांना."

"हलतोय?"

"हात हलवला."

मग घरातून आवाज फुटला. खिडकीतली बिहारी पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली. किंजल आतून ओरडली, "बाबा, बसला! उठून बसला!" दिनानाथच्या हातातला कप खाली पडला. दमयंतीने त्याच्या दंडाला धरून त्याला घरात आणलं, जसं आजारी माणसाला आणतात.

पडद्यावर शैलेश टर्फवर बसला होता. डॉक्टर त्याची बरगडी चाचपत होते आणि तो तोंड वाकडं करत होता. ओडिशाचा पोरगा त्याच्या डोक्यावर डोकं टेकून काहीतरी बोलत होता. मास्क काढलेला होता, आणि कॅमेरा जवळ गेला तेव्हा शैलेशच्या दोन्ही गालांवर पट्ट्यांचे लाल वळ दिसले, कानापासून हनुवटीपर्यंत.

दमयंतीने ते वळ बघितले. मग दिनानाथच्या गालाकडे बघितलं. खोली आनंदाने फुटत होती, कुणीतरी पेढे आणायला पळालं होतं, त्या गलक्यात ती जे बोलली ते फक्त त्यालाच ऐकू गेलं.

"हेच वळ," ती म्हणाली. "तुमी उशिरा यायचात तेवा हेच असायचे. म्हणून तेलाची वाटी ठेवायची मी."

दिनानाथचा हात गालावर गेला. इतकी वर्षं भोंगा वाजला की ही बाई या घरात एकटी बसून असायची. नवरा कुठल्या दिशेला गेला असेल, ते तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तिने एकदाही विचारलं नव्हतं.

"आज मी आडवा पळालो," तो म्हणाला. "पोराला सरळ जा म्हटलं, आणि मी पळालो."

दमयंतीने त्याच्या सदऱ्यावरचा चहा पदराने टिपला.

"एवढी वर्षं सरळ जात होतात," ती म्हणाली. "एकदा आडवे आलात म्हणून काय झालं?"